एका पत्त्यापुरता विश्वास

हे मनन सावकाश वाचायचं आहे. हाताशी लॅपटॉप असेल तर उघडा, नसेल तर नुसता डोळ्यांसमोर आणा. टेबलावर एक डबी आहे. तळहातावर मावेल एवढी, पांढऱ्या प्लॅस्टिकची. आत ईएसपी३२ नावाची चिप, बाहेर आलेल्या दोन वायरी आणि एक बारीक निळा दिवा. इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीत किती पाणी आहे ते मोजणं हे तिचं काम. तिला स्क्रीन नाही, बटणं नाहीत, कीबोर्ड नाही. तिला काही विचारायचं किंवा सांगायचं तर वाट एकच, तिच्या पोटातला छोटा वेब सर्व्हर. तुमच्याकडे ब्राउझर आहे. या दोघांची गाठ घालून द्यायची, बाकी आज काही करायचं नाही.

आधी दोघांकडे नीट पाहू. डबीतल्या चिपची कामाची मेमरी ५२० किलोबाइट, आणि त्यातली बरीचशी वाय-फाय सांभाळण्यातच जाते. ब्राउझरचा एखादा टॅब शंभर-दोनशे मेगाबाइट सहज घेऊन बसतो. ब्राउझरला रोज साऱ्या जगाशी बोलावं लागतं, अनोळखी पत्त्यांशी, आणि त्यातले काही फसवे असतात. म्हणून गेल्या पंधरा-वीस वर्षांत तो संशयी होत गेला, आणि ते योग्यच झालं. डबीला जग ठाऊक नाही. कुणी विचारलं तर पाण्याची पातळी सांगायची, एवढंच तिला येतं. मोठ्या जगासाठी बाळगलेला ब्राउझरचा संशय या एका डबीपुरता किती सैल करायचा, हे ठरवणं म्हणजेच त्याची जुळवणी. ते ठरवायला आपण क्वचितच वेळ देतो. आज देऊ या.

डबीला वीज द्या आणि हात बाजूला घ्या. तिला जागं व्हायला काही सेकंद लागतात. ती स्वतःचं वाय-फाय सुरू करेल आणि तुमच्या यादीत एक नवं नाव दिसेल. त्याला जोडून घ्या. जोडल्या जोडल्या फोन किंवा लॅपटॉप तक्रार करेल, या नेटवर्कवर इंटरनेट नाही. बरेच जण इथेच गडबडतात. तक्रार खरी आहे, पण त्यात दोष कुणाचाच नाही. प्रत्येक नव्या वाय-फायवर गेल्यावर अँड्रॉइड फोन गूगलच्या एका ठराविक पत्त्याला हाक मारतो आणि २०४ क्रमांकाचं रिकामं उत्तर येतं का ते पाहतो. आयफोन अ‍ॅपलच्या पत्त्यावर असंच काही विचारतो. उत्तर आलं नाही की फोन ठरवतो, हे नेटवर्क कामाचं नाही, आणि गुपचूप मोबाइल डेटाकडे वळतो. मग तुम्ही डबीचा पत्ता टाकता आणि तुमची मागणी मोबाइल टॉवरच्या दिशेने निघून जाते. डबी इथे हातभर अंतरावर वाट पाहत राहते, पान उघडत नाही, आणि माणूस डबीला नावं ठेवतो. म्हणून मोबाइल डेटा बंद करा. ‘तरीही जोडलेलं ठेवायचं का?’ असं विचारलं तर हो म्हणा. ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हीपीएन चालू असेल तर तेही थांबवा. प्रॉक्सी लावलेली असेल तर तिच्या अपवादांच्या यादीत डबीचा पत्ता घाला, नाहीतर तुमची मागणी आधी कंपनीच्या सर्व्हरकडे जाईल आणि त्याला तुमच्या टेबलावरची डबी कुठून दिसणार?

डबीऐवजी कारखान्याच्या पॅनेलमधला वीज मोजणारा मीटर असेल आणि त्याला नेटवर्कची केबल थेट लॅपटॉपमधून लावली असेल, तर गोष्ट जराशी वेगळी. तिथे पत्ता वाटून देणारं मध्ये कुणी नसतं. लॅपटॉप थोडा वेळ वाट पाहतो आणि मग १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेतो. हा आकडा दिसला की समजायचं, आपल्याला कुणी पत्ता दिलेला नाही. मीटरवर १९२.१६८.१.१० असं छापलेलं असेल तर लॅपटॉपला हाताने १९२.१६८.१.५० द्या, मास्क २५५.२५५.२५५.०. आता दोघं एकमेकांना दिसतील.

आता पत्त्याकडे या. या डबीचा पत्ता १९२.१६८.४.१, ईएसपी३२ स्वतःचं वाय-फाय उभारते तेव्हा तिचा हाच ठरलेला पत्ता असतो. ब्राउझरच्या पट्टीत तो टाइप करण्याआधी या आकड्यांवर थोडं रेंगाळू.

इंटरनेटवरचा पत्ता जगात एकच असायला हवा, हा मूळ नियम. पण पत्ते पुरेनासे झाले. फेब्रुवारी १९९६ मध्ये आरएफसी १९१८ हा दस्तऐवज निघाला आणि त्यात पत्त्यांचे तीन पट्टे खाजगी वापरासाठी बाजूला काढले गेले. १० ने सुरू होणारे सगळे, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ चे. हे पत्ते कुणाच्याच मालकीचे नाहीत आणि म्हणून सगळ्यांचे आहेत. १९२.१६८.१.१ या पत्त्यावर आत्ता या क्षणी जगभरात कोट्यवधी यंत्रं बसलेली असतील. तुमच्या घरचा राउटर त्यांतलाच असू शकतो, आणि तुम्ही उद्या जिथे जाल तिथलं एखादं यंत्रही.

ब्राउझरला हे कळत नाही. त्याच्यासाठी पत्ता म्हणजेच ओळख. हा एक मुद्दा मनात मुरू द्या, कारण आपल्या निम्म्या अडचणी इथून येतात. समजा, घरच्या राउटरने १९२.१६८.१.१ या पत्त्यावर ब्राउझरला एकदा सांगितलं, ‘मी आता कायमचा सुरक्षित पत्त्यावर राहायला गेलो आहे, यापुढे तिकडेच ये.’ हे उत्तर ३०१ क्रमांकाचं असतं आणि ब्राउझर ते जपून ठेवतो. पुढे कधीतरी वेगळ्या जागी, त्याच पत्त्यावरच्या वेगळ्याच यंत्राकडे तुम्ही जाता. ते यंत्र बिचारं साधंच. ब्राउझर त्याला न विचारताच जुन्या आठवणीप्रमाणे सुरक्षित पत्त्यावर धडक मारतो. तिथे कुणीच नाही. यंत्र ठणठणीत, केबल ठणठणीत, आणि पान मात्र येत नाही. राउटरच्या कुकीसुद्धा तो नव्या यंत्राला नेऊन देतो, जतन केलेला पासवर्डही पुढे करतो. एकाची आठवण दुसऱ्याच्या गळ्यात पडते.

उपाय अवघड नाही. अशा यंत्रांसाठी ब्राउझरमध्ये एक वेगळं प्रोफाइल करा. क्रोम, एज, फायरफॉक्स तिन्हींत ही सोय आहे. त्याला ‘यंत्रं’ असं नाव द्या. त्यात बँक नको, ईमेल नको, एक्स्टेन्शन नको. एका यंत्राचं काम झालं की त्या पत्त्याचा साठवलेला मजकूर आणि कुकी पुसून टाका. तेवढाही वेळ नसेल तर खाजगी खिडकी उघडा, तिला मागचं काही आठवत नाही. मला विचाराल तर या लेखातली सर्वांत उपयोगाची सूचना हीच आहे. बाकीचं सगळं या वेगळ्या प्रोफाइलच्या आत करायचं.

आता पत्ता टाइप करा, आणि त्याच्या आधी एचटीटीपी, कोलन आणि दोन तिरप्या रेघा स्वतः लिहा. आळस करू नका. नुसता आकडा दिला तर काही ब्राउझर आधी सुरक्षित वाटेने, म्हणजे एचटीटीपीएसने, जाऊन पाहतात आणि अडकतात. डबीला एखादं नाव दिलेलं असेल आणि तुम्ही नुसतं ते नाव टाइप केलं, तर ब्राउझर ते शोधायला गूगलकडे घेऊन जातो. नावापुढे टिंब देऊन ‘लोकल’ लिहिलं की तो जवळपास विचारणा करतो. ती रीत २०१३ साली प्रमाण म्हणून नोंदली गेली. जुन्या अँड्रॉइड फोनवर मात्र ती चालत नाही, तिथे आकडाच बरा.

सुरक्षित वाट नको, साधी हवी, असं आपण इथे मुद्दाम सांगत आहोत. हे खटकायला हवं. खटकलं तर चांगलंच, थांबून विचार करू.

साधी वाट म्हणजे वेबची मूळ वाट. १९९१ साली सर्नमध्ये टिम बर्नर्स-ली यांची वेब चालू झाली तेव्हा ब्राउझरची मागणी एका ओळीची असे. ‘गेट’ हा शब्द आणि त्यापुढे पानाचा पत्ता. सर्व्हर पान पाठवी आणि जोडणी तोडी, बस. तुमच्या डबीतला सर्व्हर आजही त्या सुरुवातीच्या साधेपणाच्या जवळ राहतो, आणि एवढ्या वर्षांत इतकं काही शिकलेल्या ब्राउझरला ती पहिली बोली अजून येते. मला ही फार मोलाची गोष्ट वाटते. १९९६ मध्ये स्वीडनमधल्या लुंडच्या अ‍ॅक्सिस कंपनीने नेटआय २०० हा कॅमेरा काढला, आतच वेब सर्व्हर असलेला. तेव्हापासून यंत्रं बनवणाऱ्यांनी हे हेरलं की प्रत्येक यंत्रासाठी वेगळा प्रोग्राम लिहायला नको, ब्राउझर सगळ्यांकडे असतोच. आज मीटर, प्रिंटर, सोलर इन्व्हर्टर, वजनकाटा, सगळे याच एका खिडकीतून बोलतात.

मग ही यंत्रं सुरक्षित बोली का शिकत नाहीत? दोन कारणं आहेत, आणि दोन्ही प्रामाणिक आहेत. पहिलं जागेचं. टीएलएस या सुरक्षित बोलीत मजकुराचा एक तुकडा १६ किलोबाइटपर्यंत असू शकतो आणि तो पूर्ण हाती आल्याशिवाय उलगडता येत नाही. २०१४ साली आलेल्या ईएसपी८२६६ या धाकट्या चिपमध्ये प्रोग्रामला मोकळी मेमरी चाळीस-पन्नास किलोबाइट उरते. एका पाहुण्यासाठी १६ बाजूला काढले की घरात काय उरलं? ईएसपी३२ ला हे जमतं, पण जपून. दुसरं कारण ओळखपत्राचं. ब्राउझर ज्यांच्यावर विसंबतात त्या प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था खाजगी पत्त्यांना प्रमाणपत्र देत नाहीत. १ नोव्हेंबर २०१५ नंतरही वैध राहील असं प्रमाणपत्र काढायला मनाई झाली आणि आधी दिलेली उरलीसुरली १ ऑक्टोबर २०१६ पर्यंत रद्द करायची होती. हे बरोबरच आहे. जो पत्ता कोट्यवधींचा आहे तो अमक्याचाच, अशी साक्ष कोण देणार?

म्हणून ब्राउझरच्या पट्टीत ‘सुरक्षित नाही’ असं दिसतं. हे शब्द वाचून मन लगेच दोन टोकांना जातं. एक घाबरून पान बंद करतं, दुसरं सवयीने दुर्लक्ष करतं. दोन्ही नको. वाक्य पुरतं समजून घ्या. ब्राउझर एवढंच म्हणतो आहे की तुझ्या आणि या यंत्राच्या मधल्या वाटेवर कुणी असेल तर त्याला सगळं वाचता येईल, बदलताही येईल. डबी वाईट आहे, असं तो म्हणत नाही. मग तुम्ही पाहायचं, मध्ये कोण आहे? थेट केबल असेल तर मध्ये केबलच आहे. डबीचं वाय-फाय असेल आणि त्याला पासवर्ड असेल, तर हवेतलं बोलणं वाय-फायच झाकतं आहे. वाय-फाय उघडं असेल, पासवर्डच नसेल, तर जिन्यात उभा असलेला कुणीही मध्ये आहे. अशा वेळी तुमच्या घरच्या वाय-फायचा पासवर्ड डबीच्या पानावर भरू नका. आधी डबीच्याच वाय-फायला निदान आठ अक्षरी पासवर्ड लावा, पुन्हा जोडून घ्या, आणि मग पुढे चला. ब्राउझरने प्रश्न विचारला, उत्तर मात्र खोलीत बसलेल्या माणसाकडेच आहे.

काही यंत्रं स्वतःच स्वतःचं प्रमाणपत्र बनवून सुरक्षित बोली बोलतात. तिथे ब्राउझर पानभर इशारा देतो आणि पुढे जायची वाट ‘प्रगत’ या शब्दाआड ठेवतो. तिथेही डोळे झाकून पुढे जायचं नाही. प्रमाणपत्र उघडून पाहा. त्यात एसएचए-२५६ चा ठसा असतो, आकडे-अक्षरांची लांबलचक ओळ. तीच ओळ यंत्राच्या कागदपत्रांत किंवा सिरियल पोर्टवर दिसते का ते ताडून पाहा, सुरुवातीची काही अक्षरं नि शेवटची काही एवढ्यावर भागवू नका. जुळली तर तुमच्याकडे पक्की साक्ष आहे, तुमच्याच डोळ्यांची. फायरफॉक्स तो अपवाद कायमचा लिहून ठेवतो, क्रोम काही दिवसांनी विसरतो आणि पुन्हा विचारतो. ठसा कुठेच मिळाला नाही, तर पहिली भेट थेट केबलवर घ्या, मध्ये दुसरं काही नसताना, आणि तेव्हा दिसलेला ठसा लिहून ठेवा. पुढच्या खेपेला तो बदललेला दिसला तर थांबा.

पान उघडलं? अजून काही भरू नका. एफ१२ दाबा, नेटवर्क नावाचा कप्पा उघडा आणि पान पुन्हा मागवा. आता दोघांचं बोलणं तुमच्यासमोर ओळीओळीने उतरेल. पहिली ओळ मुख्य पानाची. मग रंगरूपाची फाइल, मग स्क्रिप्टची, आणि शेवटी, कुणी न सांगता, टॅबवरच्या छोट्या चित्राची मागणी. हे चित्र मागायची सवय १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ पासून पडली. डबीकडे असं चित्र नसतं, ती ४०४ म्हणते, आणि त्याने काही बिघडत नाही. पहिल्या ओळीवर क्लिक करा आणि ब्राउझरने पाठवलेली ओळख वाचा. तो स्वतःला मोझिला ५.० म्हणवतो. क्रोम असो वा एज, सगळे हेच म्हणतात, जुन्या सर्व्हरांनी नाकारू नये म्हणून. मग कोणत्या भाषा चालतात, कोणत्या प्रकारची चित्रं, कोणती आकुंचनाची रीत, अशा ओळींमागून ओळी. हे सगळं चार-पाचशे बाइटांवर सहज जातं. ही चिप बनवणाऱ्या एस्प्रेसिफ कंपनीने तिच्यासाठी दिलेल्या सर्व्हरमध्ये मात्र या ओळखीसाठी बराच काळ ५१२ बाइटांची जागा ठरलेली होती. त्यात जुनी कुकी येऊन बसली की जागा संपते आणि डबी ४३१ क्रमांकाचं उत्तर देते, एवढं मला वाचवत नाही म्हणून. असं झालं तर कुकी पुसा, पान उघडेल.

याच कप्प्यात उजवीकडे वेळेच्या पट्ट्या दिसतात. त्या शांतपणे पाहा. एचटीटीपी १.१ वर क्रोम आणि फायरफॉक्स एका पत्त्याकडे एकाच वेळी सहा जोडण्या उघडू शकतात. मोठ्या सर्व्हरला त्याचं काहीच नाही. पण अर्डुइनोच्या जुन्या इथरनेट बोर्डावरच्या डब्ल्यू५१०० या चिपमध्ये सगळ्या मिळून चारच सॉकेट. चार खुर्च्यांच्या केशकर्तनालयात एकाच घरचे सहा जण एकदम शिरले, आणि कारागीर एकटाच आहे. दोघं उभे राहतात, आणि खुर्चीतला काम झाल्यावरही उठत नाही, कारण ब्राउझरला जोडणी उघडी ठेवायची सवय आहे. क्रोम तर कधी कधी पुढची सोय म्हणून काही न मागताच एखादी जोडणी उघडून ठेवतो. एका वेळी एकाचंच ऐकणारा छोटा सर्व्हर त्या मुक्या पाहुण्याच्या तोंडाकडे काही सेकंद पाहत बसतो. बाहेरून आपल्याला वाटतं, डबी मंद आहे. डबी मंद नाही, ती वाट पाहते आहे.

म्हणून तुमच्या ‘यंत्रं’ प्रोफाइलमध्ये पानं आधीच आणून ठेवायची सोय बंद करा. डबीचं पान एकाच टॅबमध्ये उघडा, फोनवर तेच पान उघडं असेल तर ते मिटा. आणि पान यायला उशीर झाला तर रिफ्रेश पुन्हा पुन्हा दाबू नका. दर दाबण्याने नव्या मागण्या रांगेत उभ्या राहतात आणि जुन्यांची उत्तरं वाया जातात. हात मांडीवर ठेवा आणि उत्तर येऊ द्या. मोठ्या साइटींनी आपल्याला पापणी लवायच्या आत पान मिळण्याची सवय लावली आहे. गच्चीवर बसवली की ही डबी तुमचं पान देता देता टाकीची पातळीही मोजत असते, आणि तिचं मुख्य काम तेच आहे. तिला तेवढी उसंत देणं हा ब्राउझरच्या जुळवणीचाच भाग आहे, मात्र तो सेटिंगच्या पानावर कुठे सापडत नाही.

डबीत नवा प्रोग्राम घातला आणि पान जुनंच दिसतं, असंही होईल. तेव्हा कंट्रोल, शिफ्ट आणि आर एकदम दाबा, म्हणजे ब्राउझर साठवलेलं पान बाजूला ठेवून नव्याने मागवतो. एफ१२ च्या कप्प्यात ‘कॅश बंद’ अशी खूण असते, ती कप्पा उघडा असेपर्यंतच लागू राहते.

आता पानावरची वेळ पाहा. डबीत घड्याळाची बॅटरी नसते. वीज गेली की तिला तारीख आठवत नाही, आणि ती युनिक्सच्या आरंभापासून मोजायला लागते. भारतातल्या ब्राउझरमध्ये तिची पहिली नोंद १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच अशी दिसते, कारण आरंभ ग्रीनविचच्या मध्यरात्रीचा आणि आपण साडेपाच तास पुढे. ही तारीख दिसली की दचकू नका. बऱ्याच यंत्रांत ‘ब्राउझरची वेळ घ्या’ असं बटण असतं. ते दाबा. जगाशी जोडलेला ब्राउझर त्या एका क्षणी जग न पाहिलेल्या डबीला आत्ता किती वाजले ते सांगतो. टाकी रात्री कधी रिकामी झाली हे उद्या कळायचं असेल तर ही वेळ बरोबर लागते.

जुन्या यंत्रांविषयी थोडक्यात. कित्येक कारखान्यांत अजून असे मीटर आणि कॅमेऱ्यांचे डीव्हीआर आहेत की ज्यांच्या पानांना जावा अ‍ॅप्लेट, फ्लॅश किंवा अ‍ॅक्टिव्हएक्स लागतं. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये जुन्या प्लगइनची वाट बंद केली, फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये. फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला संपलं. अ‍ॅक्टिव्हएक्ससाठी एजमध्ये इंटरनेट एक्सप्लोरर मोड आहे, तो निदान २०२९ पर्यंत चालवू असं मायक्रोसॉफ्टने म्हटलं आहे. त्यात हाताने घातलेला पत्ता ३० दिवसांनी गळून पडतो, पुन्हा घालावा लागतो. ज्या यंत्रांना जुनाट ब्राउझरच लागतो त्यांच्यासाठी एक वेगळा लॅपटॉप राखा आणि त्याला इंटरनेट अजिबात देऊ नका. रोजच्या लॅपटॉपवर जुना ब्राउझर बसवणं चूक आहे.

आणि इथे आपण अवघड जागी येतो. कुणीतरी सुचवेल, एवढं सगळं कशाला, क्रोम सुरू करतानाच प्रमाणपत्रांची तपासणी बंद करणारी खूण द्या, सुरक्षेचे नियम उठवणारी खूण द्या, सगळं सुरळीत चालेल. चालेल खरं. पण विचार करा, तपासणी कुणासाठी बंद झाली? तुम्हाला एका डबीवर विश्वास ठेवायचा होता, आणि ब्राउझरने तो साऱ्या जगाला देऊन टाकला. तसाच ब्राउझर तासाभराने बँकेचं पान उघडतो. अपवाद नेहमी एका पत्त्याचा करावा. फायरफॉक्समध्ये सर्वत्र सुरक्षित वाट सक्तीची ठेवूनही एका साइटपुरती सूट देता येते. क्रोममध्येही साइटनिहाय परवानग्या आहेत. चार क्लिक जास्त लागतात. लागू द्या.

संशयाला कारण आहे. तुमचा ब्राउझर एकाच वेळी दोन जगांत उभा असतो. एका टॅबमध्ये बाहेरची साइट, आणि त्याच लॅपटॉपला दिसणारी घरातली यंत्रं. बाहेरच्या पानातली स्क्रिप्ट तुमच्याच ब्राउझरकरवी १९२.१६८ च्या पत्त्यांना मागण्या पाठवू शकते, आणि बिनपासवर्डचं यंत्र त्या मुकाट मानतं. म्हणून २०२० च्या आयओएस १४ पासून आयफोनवरची अ‍ॅप जवळच्या नेटवर्कवरची यंत्रं शोधण्याआधी परवानगी मागतात, २०२४ च्या मॅकओएस सेक्वोयामध्येही तसंच झालं, आणि २०२५ पासून बाहेरची साइट घरातल्या यंत्राशी बोलू पाहते तेव्हा क्रोम विचारतो. मॅकवर डबी काही केल्या दिसत नसेल तर ब्राउझरला ही परवानगी नाकारलेली तर नाही ना, ते आधी पाहा. आणि एखादी अनोळखी साइट हीच परवानगी मागत असेल, तर तिला तुमच्या घरातल्या यंत्रांशी काय काम, असा प्रश्न स्वतःला विचारा. बहुतेक वेळा उत्तर ‘काही नाही’ असंच असतं. तेव्हा नकार द्या.

आता जे भरायचं ते भरा. टाकीची उंची, मोजणीचं अंतर, घरच्या वाय-फायचं नाव. सर्वांत आधी मात्र डबीचा पासवर्ड. २०१६ साली मिराई या घातक प्रोग्रामने कॅमेरे आणि राउटर लाखांनी ताब्यात घेतले, आणि त्यासाठी त्याच्याकडे कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डांची यादी पुरली. २१ ऑक्टोबर २०१६ ला त्याच्या माऱ्याने साइटींच्या नावांवरून त्यांचे पत्ते सांगणाऱ्या डाइन कंपनीची सेवा कोलमडली आणि अमेरिकेत अनेक मोठ्या साइटी तासन् तास बंद पडल्या. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून सगळ्या नगांना एकच सोपा पासवर्ड देऊन यंत्रं विकायला कायद्यानेच बंदी केली. तुमच्या डबीवर ‘अ‍ॅडमिन’ आणि ‘अ‍ॅडमिन’ असेल तर तो पासवर्ड आजच बदला, पान मिटण्याआधी.

मग लॅपटॉपला हाताने दिलेला पत्ता काढून पुन्हा आपोआपवर ठेवा, मोबाइल डेटा चालू करा, व्हीपीएन जोडा, प्रॉक्सीतला अपवाद लागणार नसेल तर पुसा. आणि सोसायटीच्या किंवा कारखान्याच्या वहीत एक नोंद करा: यंत्र कोणतं, पत्ता काय, ब्राउझरमध्ये कोणती सूट दिली आणि कोणत्या तारखेला, पासवर्ड कुणाकडे आहे. वर्षभराने त्या डबीपाशी बहुधा दुसरंच कुणीतरी उभं असेल. त्याच्यासाठी एवढं लिहून ठेवा.